धुरपताचा आंबा

मुलांनो, आधी मनात एक आंब्याचं झाड उभं करा. जुनं झाड, तुम्ही दोघांनी हात जोडले तरी कवेत न येणारं. ते एका तलावाच्या पाळीवर उभं आहे. आमच्याकडे त्या पाळीला पार म्हणतात. पारीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आता वाका आणि बुंधा बघा. जमिनीपासून तुमच्या गुडघ्यापर्यंत त्याला सालच नाही. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं आहे आणि त्यावर जोडीजोडीनं ओरखडे आहेत, कुणी पटाशी चालवल्यासारखे.

वर बघाल तर पानं हिरवीगार. झाडाला अजून कळलेलं नाही. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे उतरतं. बुंध्याभोवती सालीचं कडं पूर्ण निघालं की ती वाट बंद होते. मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या मरतं. ते मेलं हे आपल्याला महिन्या-दोन महिन्यांनी समजतं.

इंग्रजांच्या राज्यात, गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होतं तेव्हा, कोहमाऱ्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात खेमराज पाटलाच्या तलावावर आंब्याची सात झाडं होती. एका उन्हाळ्यात त्यातली तीन वाळली. चौथ्या झाडाची साल अर्धी गेली, तेव्हा घरातलं बोलणंच कमी झालं. कारण ते चौथं झाड धुरपताचं होतं.

धुरपता ही खेमराजची आत्या. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या आजाने हा तलाव बांधला तेव्हा अख्खं घर माती वाहत होतं, लहान मुलंसुद्धा. धुरपता नऊ वर्षांची होती. हातभर काचेच्या बांगड्या वाजवत ती पारीवर चढायची. एका दुपारी ओली माती खचली आणि ती तिच्याखाली गेली. तीन दिवस खणलं, पण ती सापडली नाही. चौथ्या दिवशी पाऊस लागला. आजाने डोळे पुसले आणि काम पुढे चालू केलं, कारण अर्धी पार पावसात उभी राहत नाही. पार तिच्यावरूनच वर गेली.

तिची वहिनी सुभद्रा तेव्हा बारा वर्षांची होती, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिने त्या जागी आंब्याची कोय लावली. आता सुभद्राबाई म्हातारी झाली होती, खेमराजची आई आणि गंगाची आजी. तरी रोज दुपारी ती तांब्याभर पाणी घेऊन पारीवर जायची आणि त्या झाडाला घालायची.

गंगाही त्या उन्हाळ्यात नऊ वर्षांची होती.

खेमराजने आधी चुना आणि शेण कालवून बुंध्याला जाड लेप दिला. दोन रात्रींत लेप खाली पडला होता आणि साल आणखी गेली होती. मग बाभळीचे काटे रचले. ते बाजूला सरकवलेले दिसले. शेवटी त्याने मंगरूला बोलावलं. मंगरू टोल्यावरचा, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरचा म्हातारा, रानातल्या प्रत्येक जनावराचा माग त्याला काढता यायचा.

मंगरूने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "सायाळ आहे, पाटील. काटेवाली. झाडाले लेप कायले लावता? तिचं घर शोधा."

गंगाने खालचा एक काटा उचलला. साळिंदराचा, काळा-पांढरा, लेखणीएवढा. आजी लगेच ओरडली, "टाक तो! सायाळीचा काटा घरात आणला तं भांडण होते."

"माझ्या घरी तं रोजच होते, पाटलीनबाई," मंगरू म्हणाला. "काटा न आणताच."

खेमराज हसला. त्या उन्हाळ्यात तो शेवटचा हसला असेल.

कारण घर सापडलं ते त्याच आंब्याखाली, पारीच्या बांध्यांकडच्या उतारावर. बिळाचं तोंड एवढं मोठं की गंगा आत सरपटत गेली असती. आणि तोंडाशी हाडं पडली होती. काही मोठी, काही लहान, पांढरी, चघळलेली.

खेमराजने खणायला आणलेल्या दोन्ही मजुरांनी फावडी तिथंच टाकली आणि ते मागे न बघता गावाकडे निघाले. सुभद्राबाई बिळाच्या तोंडापुढे जाऊन बसली.

"बंद कर खेमराज. कोणी हात लावू नोका."

"माय, सायाळ जिती आहे आत. झाड खाईल, आणि पावसात तलाव भरला तं ह्याच बिळातून पार फुटेल."

"धुरपता आहे आत," आजी म्हणाली. "होळीपासून मी ऐकून राहिली. तिन्हीसांजेले बांगड्या वाजतात. पन्नास वर्षं झाली, आता तिची हाडं वर आली. तिले खणून काढशील तं पहिले मले खण."

खेमराजने आईचा शब्द कधी मोडला नव्हता. तो उठला आणि घरी गेला. फावडी तिथंच राहिली.

त्यानंतर गंगा रोज सकाळी पारीवर जायची आणि उरलेली साल हाताने मोजायची. पहिल्या दिवशी एक वीत होती. चौथ्या दिवशी चार बोटं. सहाव्या दिवशी तीन. ती बुंध्याला कान लावायची, पण झाड काही बोलत नव्हतं. मात्र एकदा, सूर्य अजून मावळायचा होता तेव्हा, तिलाही ऐकू आलं. छन्‌छन्‌, छन्‌छन्‌. मातीच्या आतून. जणू कुणी हात हलवून बांगड्या मागे सारत होतं. ती घरापर्यंत धावत गेली आणि हे तिने कुणाला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी साल दोन बोटं उरली. त्या दुपारी गंगा मंगरूच्या टोल्यावर गेली.

"बाबा बोलवून राहिले?" मंगरूने विचारलं.

"नाही. मीच बोलवून राहिली. ती हाडं धुरपताची आहेत काय, ते तू पाहून सांग."

"तुह्या आजीनं हात नोका लावू म्हटलं."

"हात नोको लावू. डोळ्यानं पाह्य."

मंगरूने तिच्याकडे बघितलं, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि निघाला.

ऊन कडक होतं. पारीवर चिटपाखरू नव्हतं. मंगरू बिळापाशी उकिडवा बसला आणि काडीने एक मोठं हाड फिरवलं. "हे पाह्य. बैलाची मांडी. ही गाईची फासळी. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात ना, तिथून ही आणते. सायाळीले हाडं चघळायचा नाद आहे. दात झिजवायले लागतात तिले." त्याने काडी हाडावरच्या ओरखड्यांवर ठेवली, मग वर झाडावरच्या ओरखड्यांवर. जोडीजोडीने, सारखेच. "एकच दात. पटलं?"

गंगाला पटलं. "आणि बांगड्या?"

"शेपटीचे काटे. पोकळ असतात. भ्याली की वाजवते."

मग गंगाने बोट दाखवलं. "आणि हे कोणाचं?"

बिळाच्या अगदी आत, सावलीत, एक हाड होतं. बारीक, तिच्या करंगळीहून थोडं लांब. बाकीच्या हाडांसारखं पांढरं नव्हतं, मातीच्या रंगाचं होतं. त्यावर दाताचा एकही ओरखडा नव्हता.

मंगरूने वाकून आत बघितलं. पाण्यावर एक बगळा उतरला आणि उडून गेला.

"बकरीचं असल," तो म्हणाला. मग मान हलवली. "खोटं कायले बोलू तुह्यासंग? ढोराची हाडं मी ओळखतो, पोरी. हे मले नाही ओळखू येत."

आतून आवाज आला. छन्‌छन्‌. भर दुपारी.

"सायाळच आहे ना?" गंगाने हळूच विचारलं.

"तिच्याशिवाय कोण राहील?" मंगरू म्हणाला. पण तो उठून दोन पावलं मागे सरला होता.

"गंगा!"

आजी पारीवरून येत होती, हातात तांब्या. तिने दोघांना बघितलं, बिळाकडे बघितलं आणि तिथंच थांबली.

"मोठी हाडं ढोरांची आहेत, आजी," गंगा म्हणाली. "मंगरूनं दाखवलं. लहान एक आहे, ते त्याले माहीत नाही."

आजी उतारावरून बिळापर्यंत खाली आली.

"खणू दे ना. झाडाले दोन बोटं साल उरली. आज रात्री तीही जाईल."

"त्या दिवशी पाळी माझी होती," आजी म्हणाली. बोलत गंगाशी होती, बघत बिळाकडे होती. "माह्या पायात काटा मोडला होता. मी म्हटलं, धुरपते, माह्यावाली एक खेप तू टाक. ती हसतच गेली. मी हे कोणाले सांगतलं नाही. तुह्या आज्यालेसुद्धा नाही. म्हणून ती बोलावते, बाई. मले बोलावते."

मंगरूने पागोटं काढून हातात घेतलं.

आता तुम्ही सांगा मुलांनो, तिथं तुम्ही असता तर काय केलं असतं? गंगासमोर दोन्ही खरं होतं. झाड आज मरणार होतं, आणि आजीला धुरपतावर फावडं पडायची भीती होती. आत काय आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि खांद्यापर्यंत हात बिळात घातला. आवाज तिच्या बोटांपाशी आला आणि तसाच चालू राहिला. तिने ते लहान हाड बाहेर काढलं, फ्रॉकला पुसलं आणि आजीपाशी गेली. आजीच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला आणि त्या रिकाम्या तळहातावर हाड ठेवलं.

"धर," ती म्हणाली. "कोणाचंही असो. तुह्याजवळ राहू दे."

आजीची बोटं हळूहळू मिटली आणि ती बिळापासून बाजूला झाली.

मग गंगाने मजुरांनी टाकलेलं फावडं उचललं. ते तिला जड होतं. बिळाच्या तोंडाशी ती पाय रोवून उभी राहिली, आणि आत बघून, रोज एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं म्हणाली, "सरक वं बाजूले, लागेल."

आतला आवाज थांबला. गंगाने फावडं डोक्यावर नेलं आणि पहिला घाव घातला.