जवसाच्या काडीतली लाइन

या, जवळ सरका बाप्पा, चटई मोठी आहे. चामोर्शीकडच्या एका गावची गोष्ट सांगायची आहे.

त्या गावात दत्तजयंतीच्या कीर्तनाची रीत वेगळी. कीर्तन संपलं की बुवांना नारळ मिळतो आणि नारळासोबत एक शब्द. पुढच्या साली निरूपण त्या शब्दावर. शब्द मिळाला तर आमंत्रण. नुसता नारळ मिळाला तर समजून घ्यायचं. गेल्या साली गावाच्या वतीनं नारळ देणाऱ्या पोरानं, कुलदीपनं, कीर्तनकार लटारूबुवांना थट्टेनं इंग्रजी शब्द दिला, 'लाइन'. बुवांनी हसून नारळ कपाळाला लावला, आणि पावसाळ्यात ते देवाघरी गेले. शब्द उरला शिष्येच्या, अन्नपूर्णेच्या पदरात. तिचं हे पहिलंच कीर्तन. पुढचा शब्द हिला द्यायचा की नाही, ते गाव ऐकून ठरवणार होतं.

अन्नपूर्णा शब्दामागे गावभर फिरली. वीज गेली की लाइन गेली. रेशनला लाइन. धानाच्या रोवणीत दोरी ताणून लाइन. घुग्घुसच्या खाणीतला भाऊ फोनवर म्हणाला, आमची क्वार्टरं म्हणजे लाइनच. कुलदीप कुणावर लाइन मारतो, हे तर विहिरीवरच्या बायांनी न विचारता सांगितलं. पण या साऱ्यांचं मूळ कुठलं? तिनं मोबाइलवर शब्दकोश उघडला. जुन्या रोमच्या भाषेत जवसाला लिनुम म्हणत, त्याच्या धाग्याला लिनेआ. तीच ही लाइन.

ती थबकलीच. जवस तर समोरच्या धानाच्या बांधीत निळा फुलला होता. त्याचं तेल माहीत, चटणी माहीत, पण धागा? शेजारच्या म्हाताऱ्या सोमारीबाईला विचारलं.

"तेल खाता अन् काडी जाळता," ती म्हणाली, "मंग धागा कुठी दिसन तुमाले?"

तिनं छपरावरची, पावसात कुजून धागा सुटा झालेली जुनी काडी ओढली, कुटली, झटकली आणि मांडीवर हातभर सूत वळून दिलं.

कीर्तनात अन्नपूर्णेनं सगळे अर्थ गाऊन सांगितले. मग त्या सुताचं एक टोक कुलदीपच्या हाती दिलं.

"धागा ढिला सोडला तर गुंता, भाऊ. दोघांनी धरला तर रेघ. एक टोक आपल्या हाती, दुसरं त्या दत्ताच्या. आपण सोडून देतो. तो सोडत नाई."

मृदंग थांबला तरी कुणी उठेना. आरती झाली, नारळ आला. सगळे कुलदीपकडे बघू लागले. त्यानं टोक अजून धरलेलंच होतं.

"ताई, पुढच्या साली मराठी शब्द देऊ का?"

"काऊन? इंग्रजी संपले का?"

"मंग 'रेंज' घ्या," तो म्हणाला. सारा मांडव हसला.

सोमारीबाई तोवर कोंबड्या झाकायला घरी निघून गेली होती. तर बाप्पा, जवसाची चटणी पानात आली की पहिल्या घासाला तिची आठवण ठेवा.