डाव्या बाजूचं वजन

अभिमनने मागच्या चाकाच्या झडपेवर नख दाबलं आणि हवा फुसफुसत बाहेर सोडली. दोन बोटांनी टायर चेपून पाहिलं, पुन्हा थोडी सोडली. दाराच्या चौकटीआड ताईबाई उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर तीन महिन्यांचा नातू झोपला होता. काल संध्याकाळी जावई जळगावहून आला तेव्हा ह्याच चाकात त्याने पंप मारमारून हवा भरली होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

"प्रमिला," त्या घरात तोंड करून म्हणाल्या, "भरेल हवा कसाले काढी राहिनात, इचार त्यासले."

प्रमिला चुलीपाशी होती. तिला उठायची गरज पडली नाही, कारण आईचा आवाज अंगणात पोचलेलाच होता.

"दगडावर मऊ चाक धरून चालतं," अभिमन चाकाकडेच बघत म्हणाला. "घट्ट चाक घसरतं."

लग्न होऊन चार वर्षं झाली, पण सासू आणि जावई असेच बोलत. ताईबाई बोलायच्या ते प्रमिलाशी किंवा आपल्या नवऱ्याशी, झुलाल नानांशी. त्याने उत्तर द्यायचं ते चाकाला, तांब्याला नाहीतर भिंतीला. जावयासमोर डोक्यावरचा पदर इंचभर मागे सरकला तरी ताईबाई तो कपाळापर्यंत ओढून घेत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत त्या पाळत आल्या होत्या. गावात मात्र त्या मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या अंगाच्या अक्का होत्या. त्या ओट्यावर बसल्या की शेजारी दुसऱ्या बाईला जागा उरत नसे.

अभिमन जळगावला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, फिटर होता. पलटणीच्या लिलावातून त्याने एक जुनी मोटारसायकल उचलली होती. तिला मागे जास्त दातांचं चक्र बसवून तिची चाल त्याने मुद्दाम मंद केली होती, म्हणजे चढावर ती दम टाकणार नाही. चिखल अडकू नये म्हणून चाकांवरचे पत्रे उंच उचलले होते, धुराड्याचं तोंड वर वळवलं होतं. आणि डाव्या बाजूला एका चाकावरची पत्र्याची साईडकार स्वतः घडवून जोडली होती. साईडकारीत प्रमिलासाठी कापसाची गादी होती. बाळंतपणाला आलेल्या बायकोला आणि मुलाला ह्याच गाडीतून घरी न्यायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

ताईबाईंनी काल जेवणं झाल्यावर तो बेत एका वाक्यात मोडला होता. नातू त्या टोपल्यात बसणार नाही. पोर आणि बाळ दमणीतून, छपराच्या बैलगाडीतून, धुळे स्टेशनला जातील, चाळीसगावला गाडी बदलतील आणि माणसासारखे जळगावला पोचतील. नाना सोबत जातील. रात्री अभिमन बराच वेळ साईडकारीच्या गादीवरून हात फिरवत बसला होता, हे प्रमिलाने पाहिलं.

आज रविवार होता आणि लळिंग किल्ल्याच्या पायथ्याच्या नाल्यात मोटारसायकलींच्या चाचणीची शर्यत होती. जोरात पळण्याची ही शर्यत नव्हे. वाळू, दगडधोंडे, पाणी, चढण अशा वाटा दोरी बांधून आखलेल्या असत, आणि त्या न थांबता, जमिनीला पाय न लावता पार करायच्या असत. पाय टेकला की गुण कापले जात. गाडी थांबली की आणखी कापले जात. साईडकारवाल्यांची फेरी निराळी होती आणि साईडकारीत माणूस बसलेला असलाच पाहिजे, असा नियम होता. अभिमनचा माणूस म्हणजे त्याच्या जिनातला वना. तो रेल्वेने धुळ्याला उतरून तिथून पहाटे सायकलवरून येऊन पोचला होता.

हवा काढून झाल्यावर अभिमन हात धुवायला आडावर गेला. तेवढ्यात वनाने उत्साहाच्या भरात गाडीला किक मारली. किक मारण्याआधी हँडलवरचा ठिणगीचा दांडा मागे घ्यायचा असतो, तो घेतला नव्हता. किकेने उलटा तडाखा दिला आणि वना अंगणात बसला तो उठेना. त्याचा घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला.

नानांनी हळद लावली, फडकं गुंडाळलं. वना सारखं "मी बसतो, मी बसतो" म्हणत होता, पण उभं राहताच त्याचं तोंड पांढरं पडे.

"ज्वारीचं पोतं ठेवा," नाना म्हणाले. "वजनाशी कारण."

"पोतं चालत नाही, मामा. माणूस लागतो. आणि पोतं झुकत नाही."

"मी बसलो तर फुफाट्यासारखा उडून जाईन," नाना म्हणाले, आणि ते खरंच होतं.

अभिमनने गादी काढून झटकली, पुन्हा जागेवर ठेवली. मग पाने एकेक करून फडक्यात गुंडाळू लागला. शर्यतीला जायचं नसलं म्हणजे माणूस जसं आवरतो तसं तो आवरत होता.

चौकटीतून ताईबाई बाहेर आल्या. नातू त्यांनी प्रमिलाच्या हातात दिला.

"त्यासले सांग, मी बससू."

वनाचं कण्हणं थांबलं.

"आई, अगं लोक काय म्हणतील," प्रमिला म्हणाली.

"मना नातू या टोपलामा बसाडानी गोट चाली राहिनी. मंग पहिले मी बशीसन देखसू." त्या नानांकडे वळल्या. "तुमनं काय म्हननं शे?"

झुलाल नाना पागोटं काढून डोकं खाजवू लागले. गेल्या तीस वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी खरोखर मागितलेलं नव्हतं.

नाल्याच्या काठावर जत्रेसारखी माणसं जमली होती. बैलगाड्या सोडलेल्या होत्या, भेळभत्त्याच्या पाट्या आल्या होत्या. कलेक्टर साहेब छत्रीखाली बसले होते आणि त्यांच्यापुढे टेबलावर चांदीचा पेला होता. धुळ्याच्या पेठेतल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा, निर्मलकुमार, नवी कोरी साईडकार घेऊन आला होता. त्याने ताईबाईंना उतरताना पाहिलं आणि आपली टोपी सारखी केली. हसला मात्र नाही.

पहिली वाट वाळूची होती. ताईबाई गादीवर मांडी घालून बसल्या. एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने पत्र्याची कड. अभिमनने गाडी हळूच वाळूत घातली. मध्यावर डावं वळण आलं, तसं साईडकारीचं चाक जमिनीवरून सुटलं, गाडी उजवीकडे कलली आणि त्याचा उजवा पाय वाळूत रुतला. पंचाने झेंडी हलवली.

वाट संपल्यावर अभिमनने गाडी बंद केली. तो हँडलवर बोटं वाजवत होता. प्रमिला काठावर, लांब होती. नाना तिच्याजवळ होते. मधे कुणीच नव्हतं.

ताईबाईंनी घसा साफ केला.

"पाय काबर टेका तुम्ही?"

अभिमनने मान वळवली. "चाक उचललं, मामी. उजव्या वळणावर माणूस माझ्याकडे रेलला नाही तर चालतं, पण डाव्या वळणावर त्याने डावीकडे पार बाहेर झुकावं लागतं. वना झुकतो."

"मंग पहिलेच सांगानं व्हतं."

"तुम्हाला कसं सांगू? तुम्हाला काय मी हुकूम सोडू?"

ताईबाई गादीवर सावरून बसल्या.

"आते सोडा," त्या म्हणाल्या.

दुसरी वाट धोंड्यांची होती. कलिंगडाएवढे गुळगुळीत दगड नाल्याच्या पात्रात पसरले होते आणि दोरी त्यांच्यामधून नागासारखी गेली होती. अभिमनने गाडी घातली. "डावीकडे," तो म्हणाला, आणि ताईबाई झुकल्या. "अजून, मामी." अजून झुकायचं तर दोन्ही हातांनी कड धरायला हवी होती. त्यांनी पदराकडे एकदा पाहिलं. मग तो हात सोडून कडेवर आणला आणि पत्र्याबाहेर कमरेपर्यंत वाकल्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, खांद्यावरून मागे गेला आणि वाऱ्यावर फडफडू लागला. चाक दगडाला चिकटून राहिलं.

काठावर झुलाल नानांनी मान खाली घातली, आणि लगेच पुन्हा वर केली. बघायचं चुकलं असतं.

"मागं," अभिमन ओरडला. मागचं चाक एका धोंड्यावर नुसतंच फिरत होतं. ताईबाई वळल्या, गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि एक हात जावयाच्या खांद्यावर ठेवून सगळं अंग त्या चाकावर टाकलं. चाकाने दगड धरला. गाडी टुणकन पुढे गेली आणि वाट संपली. झेंडी हलली नाही.

तिसरी वाट पाण्यातली होती. तीही निभावली. पण बाहेर आल्यावर गाडी खोकू लागली. अभिमनने प्लग काढला, तो काळा आणि ओला होता. फडकं भिजलेलं होतं. ताईबाईंनी लुगड्याच्या ओच्याचा कोरडा कोपरा पुढे केला.

"मामी, तेल लागेल."

"लागू द्या. धवाले येस मले."

तो प्लग पुसत असताना त्यांनी पदर उचलला. तो डोक्यावर घेतील असं त्याला वाटलं, म्हणून त्याने नजर बाजूला केली. ताईबाईंनी पदर कमरेला आवळून खोचला, जसा त्या निंदणीला जाताना खोचत. मग त्या स्वतःच साईडकारीखाली वाकल्या.

"आठे काही तरी हाली राहिनं."

साईडकार गाडीला जोडणारा पुढचा बोल्ट धोंड्यांत आदळून तुटला होता. दुसरा नव्हता. जवळच्या बैलगाडीवाल्याने आपल्या गाडीचा नाडा, जाड दोर, सोडून दिला. अभिमनने त्याचे वेढे घातले, सासूबाईंनी एक टोक धरलं, त्याने दुसरं, दोघांनी गाडीला पाय लावून ओढलं. ओढताना त्या काहीतरी पुटपुटल्या. ते देवाचं नाव नव्हतं हे अभिमनच्या लक्षात आलं आणि त्याला हसू फुटलं. मग त्याही हसल्या. त्यांचा वरचा एक दात पडलेला होता, हे त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. आजवर पदराआडून कुणाला दिसलाच नव्हता.

शेवटची चढण खडी होती. मुरूम, मग उघडा खडक, मग वळण आणि माथा. ह्याच चढणीवर आधी गेलेल्या दोघा साईडकारवाल्यांच्या गाड्या थांबल्या होत्या. निर्मलकुमारची तेवढी वर पोचली होती. अभिमन गाडीवर बसला. त्याने हात सदऱ्याला पुसले.

"काय सांगानं ते जोरमा सांगा," ताईबाई म्हणाल्या. "आवाजमा काही ऐकू येत नही."

मुरमावर गाडी चांगली चढली. खडकावर इंजिनाचा आवाज खाली उतरू लागला, ढब, ढब, एकेक ठोका मोजता यावा इतका. अभिमनचा उजवा पाय ठेवायच्या दांडीवरून सुटला आणि जमिनीच्या वर लोंबकळला.

"पाय वर घ्या," ताईबाई गरजल्या. "मी शे ना आठे."

पाय वर गेला. वळणावर त्या न सांगता डावीकडे गेल्या, इतक्या की त्यांचा अंबाडा जवळजवळ खडकाला घासला. तिथून त्या मागे आल्या, तिथून पुन्हा मधे. ढब, ढब करत गाडी माथ्यावर आली आणि आपसूक बंद पडली. रेषा ओलांडून ती हातभर पुढे आलेली होती.

खाली लोक ओरडत होते. प्रमिलाने बाळ उंच धरलं होतं. ताईबाई साईडकारीत तशाच बसून राहिल्या, पाय पसरून, धुळीने भरलेल्या.

चांदीचा पेला निर्मलकुमारला मिळाला. पहिल्या वाटेत टेकलेला तो एक पाय नडला आणि अभिमन दुसरा आला. कलेक्टर साहेबांनी त्याच्या हातात हात दिला, ताईबाईंना लवून नमस्कार केला. निर्मलकुमार पेला घेऊन त्यांच्याकडे आला.

"अक्का, पुढच्या वर्षी माझ्या गाडीत बसा."

"तुमनी गाडी गुळगुळीत शे," ताईबाई म्हणाल्या. "धराले काही नही तिले."

परत येताना वाटभर त्या पंचांवर चिडलेल्या होत्या. तो पहिला पाय धरायलाच नको होता, कारण तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे त्या सरळ अभिमनला सांगत होत्या, आणि तो सरळ त्यांना समजावत होता. नाना आणि प्रमिला मागून दमणीत होते. दमणीतल्या गवतावर वना पाय पसरून पडला होता.

दोन दिवसांनी, मंगळवारी, निघायचं ठरलं. अभिमनने साईडकारीला नवा बोल्ट घातला, गादी धुऊन वाळवली, चाकात हवा भरली. सासूबाईंनी चढण पाहिली होती, आता सपाट सडक काय ती. त्याने काही विचारलं नाही. पण सकाळी अंगणात दमणी जुंपलेली दिसली. नाना बैलांच्या घुंगरमाळा सारख्या करत होते. प्रमिला बाळाला घेऊन दमणीत चढत होती आणि नवऱ्याकडे बघायचं टाळत होती.

अभिमन गाडीपाशी गेला. गादीवर एक गाठोडं ठेवलेलं होतं, डिंकाच्या लाडवांचा डबा, एक कंदील. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, पदर कमरेला खोचून, ताईबाई बसल्या होत्या.

"मामी?"

"रेलगाडी सांजले पोची," ताईबाई समोर सडकेकडे बघत म्हणाल्या. "पोर दमीसन येई. पहिले जाईसन चूल कोन पेटाडी, पानी कोन तपाडी? आते नातू व्हयना, मले तुमना घरनं पानी चालस."

नानांनी बैलांना हाक दिली. दमणीच्या मागच्या पडद्यातून प्रमिलाने डोकं बाहेर काढलं, आईला पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

अभिमनने ठिणगीचा दांडा मागे घेतला आणि किक मारली. गाडी पहिल्याच किकेला लागली.

"पारोळाना आंगे नदी शे ना एक," ताईबाई आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "पुलवरथीन नका जाऊ."