पायडल थांबवा

पांढऱ्या डोक्याची टाचणी. भिंतीला टेकलेला पुरुषभर उंचीचा आरसा. जुनी साखर. कान दुखवणारा हेडफोन. शिलाई मशीनची खटखट.

हेडफोनमधून खटखट ऐकताच परिचारिकेने पेन खाली ठेवलं.

“काका, तळवे पाहिलेत आज?”

“आत्ताच पाहतोय, सिस्टर. लोण्यासारखे आहेत.”

“दोन्ही?”

“देवाने दोनच दिलेत.”

मशीन चालूच होतं. मधुमेहाच्या रुग्णांना फोन करायचा, जेवण, चालणं, पाय, सगळं विचारायचं, हे तिचं काम. नणंद घरी टोमणा मारायची, फोनवरून कुणाचे पाय दिसतात का? शिंपीकाकांचे तिला स्वच्छ दिसत होते. दोन्ही पायडलवर होते.

“पायडल थांबवा.”

खटखट थांबली.

“तुम्ही काय, दुकानात येऊन बसलात की काय?”

“तोंडाने पाहून झालं, आता डोळ्यांनी पाहा.”

“वाकवत नाही हो. आमची ही असती तर तिने पाहिले असते. आणि दुखत तर काहीच नाही.”

“दुखत नाही, त्याचीच भीती आहे. साखरेने तळवे मुके होतात. गिऱ्हाइकांचा आरसा आहे ना? त्याच्यासमोर खुर्ची ओढा आणि पाय उचला.”

खुर्ची घासली. मग पाय उचलताना कण्हणं.

“बटण चिकटलंय वाटतं. पांढरं.” खुर्ची आणखी पुढे सरकली. “सिस्टर, टाचणी आहे. पुरती आत गेलीय, भोवती लाल झालंय. सकाळपासून हिच्यावरच मशीन मारतोय मी.”

“उपटू नका. त्या पायावर भार देऊ नका. शेजारच्याला हाक मारा आणि गाडी करून इकडे दवाखान्यात या. तोवर मी फोनवर आहे.”

“संध्याकाळी एक कोट द्यायचाय.”

“कोट थांबेल, काका. पाय थांबणार नाही.”

हाक तिला ऐकू आली. चांगली खणखणीत होती.

टाचणी निघाली, जखम भरत आली, पाय राहिला. पुढच्या फोनला मशीन गप्प होतं.

“पाहिले. खरंच पाहिले. आता पँटचं माप द्यायला येईल त्यालाही आधी तळवे दाखवायला लावतो.”

“चिडत नाहीत?”

“चिडतात की. पण कापड माझ्याकडे असतं, जातील कुठे? एकाच्या टाचेला भेग सापडलीय. थांबा, त्याच्याकडे फोन देतो.”

तो आरसा काकूंनी हट्टाने आणवला होता, गिऱ्हाइकांना पाठीवरची शिवणही दिसावी म्हणून.