झूमबाबाला दिसलेला चेहरा

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या टीव्हीवर कॅमेऱ्यातलं आमच्या गेटचं चित्र थांबवून ठेवलं होतं आणि त्यासमोर शाल पांघरलेले एक महाराज हवेत दोन बोटं फाकवत होते, मोबाइलवर फोटो मोठा करतात तशी. पोरांनी त्यांचं नाव केव्हाच झूमबाबा ठेवलं होतं.

"यंत्राला डोळा असतो, दृष्टी नसते," बाबा म्हणाले. "दृष्टी मी देतो. ज्याचं मन स्वच्छ, त्यालाच चेहरा दिसेल. दिसला?"

"दिसला!" हॉल गरजला. आपलं मन अस्वच्छ आहे असं कोण कबूल करणार? माझा नवराही 'दिसला' म्हणाला. त्याला चष्म्याशिवाय माझाही चेहरा दिसत नाही, आणि चष्मा घरी राहिला होता.

पण प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आदल्या आठवड्यात, अंधार पडताना, गेटपाशी एका गाडीने दुसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीला उडवलं. गाडीवाला उतरला, तिच्याकडे पाहिलं आणि पळाला. पोरगी अजून दवाखान्यात होती. तिचा बाप सगळ्यांच्या पुढे उभा होता, डोळे तारवटलेले.

"मिशा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मुलांची ने-आण करणारा."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथे व्हॅनकाका उभे होते, झुपकेदार मिशांचे, आमची मुलं रोज शाळेत सोडणारे. त्या संध्याकाळी पोरीला उचलून दवाखान्यात पोचवलं होतं ते त्यांनीच. बापाने त्यांची कॉलर धरली.

"दादा, मी तिला उचललं हो," एवढंच ते म्हणत राहिले.

माझं डोकं फिरलं. मी शाळेत चित्रकला शिकवते, चेहरा कशाकशाने बनतो हे रोज मुलांना सांगते. पडद्यावर चेहरा नव्हताच, हेडलाइटच्या झगमगाटात एक करडा डाग होता. पण आरडाओरडा करून कोणी ऐकलं नसतं.

"महाराज, आणखी एक माणूस बघता?" म्हणत मी सेक्रेटरींच्या हातून रिमोट घेतला आणि तासाभरापूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं. गेटमधून एक डाग आत येत होता. मी चित्र थांबवलं.

बाबांनी बोटं फाकवली. "तोच! तीच मिशी! पुरावा पुसायला परत आलाय पापी."

"नीट बघा हं."

"माझी दृष्टी चुकत नाही, बाई."

मी चित्र पुढे सोडलं. डाग चालत इमारतीजवळ आला, मोठा झाला, जिन्याच्या दिव्याखाली थांबला. चकचकीत टक्कल, खांद्यावर शाल, आणि बॅग घ्यायला धावलेले आमचे सेक्रेटरी.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही.

"सेक्रेटरीसाहेब, घरी नेऊन चहा पाजलात तेव्हा महाराजांनी काय विचारलं होतं?"

"संशय कोणावर आहे, असं," ते पुटपुटले. "व्हॅन गेटसमोर लावतो म्हणून आमची कटकट होते, तर मी आपलं त्याचं नाव..."

तोवर बाबांनी काढता पाय घेतला होता.

चमत्कार होता तो एवढाच. एकाच कॅमेऱ्यात सगळं आवार यावं म्हणून आम्ही हौसेने तो गच्चीवर टांगला. तिथून गेटावरच्या माणसाचा चेहरा चार ठिपक्यांचा येतो, आणि समोरून दिवे आले की तेही पुसले जातात. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते मोठं करून उगवत नाही. ठिपके तेवढे मोठे होतात.

"मग कोण होतं, बाई?" बापाने विचारलं.

"दिसत नाही," मी म्हणाले. त्या हॉलमध्ये हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले. तो खुर्चीत बसला आणि रडू लागला.

आता गेटावर वेगळा कॅमेरा आहे, माणसाच्या उंचीवर, दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत असा. अंधार पडल्यावर समोर उभं राहून, चेहरा ओळखू येतो का आणि गाडीचा नंबर वाचता येतो का ते पाहून मगच तो पक्का केला. तुम्हीही घेताना असंच पाहून घ्या. आणि दिसत नसेल तेव्हा दिसत नाही म्हणायला लाजू नका, त्यावर कोणाचं तरी सगळं आयुष्य टांगलेलं असतं. ती गाडी कोणाची होती, हे आम्हाला आजही माहीत नाही.

बाप माफी मागायला गेला तेव्हा मी सोबत होते. व्हॅनकाकांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "दादा, तुम्हाला खरंच माझा चेहरा दिसला होता?"

"नाही, काका," तो म्हणाला. "मला तेव्हाही काहीच दिसलं नव्हतं."