चिलखत सर आणि नसलेला ट्रक

आमच्या घरात तीन माणसं राहतात आणि एक ट्रक. माणसं म्हणजे आई, बाबा आणि मी. ट्रक दिसत नाही, पण बाबांना भेटायला कुणी आलं की तो पाहुण्यांच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसतो आणि पाहुणे उठेपर्यंत हलत नाही.

बाबा मोटारसायकल चालवायला शिकवतात. बंद पडलेल्या गोदामांच्या मागे सिमेंटचं मोठं मैदान आहे, तिथे केशरी शंकू मांडून त्यांचा वर्ग भरतो. वर्ग बाबांचा आणि काकांचा. हे काका सख्खे नव्हेत, बाबांचे भागीदार आहेत. फोन, जाहिरात, परवान्याची धावपळ काकांकडे, शिकवणं बाबांकडे. काकांना बोलायला आवडतं आणि बाबांना ओरडायला, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

बाबांना सगळे पाठीमागे 'चिलखत सर' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि माझ्या मते आवडतंही. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट, एवढा सगळा जामानिमा अंगावर चढल्याशिवाय बाबा कुणाच्या हातात किल्ली देत नसत. गाडी चालवायची नसेल, नुसती ढकलून शंकूंच्या पलीकडे न्यायची असेल, तरीसुद्धा.

"सर, ढकलायचीच तर आहे," कुणीतरी म्हणायचंच.

"पडलेल्या प्रत्येकाला 'तर'च नडलेलं असतं," बाबा म्हणायचे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेने शिकायला आलेले एक आजोबा एकदा ऐन उन्हात म्हणाले, "सर, मला अपघाताची भीती नाही हो. मी उकडून मरेन." बाबांनी त्यांना पाणी दिलं, आणि त्यांनी पेला खाली ठेवल्यावर त्यांच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

तर असे आमचे बाबा ज्या दिवशी पडले, त्या दिवशी त्यांच्या पायात चप्पल होती.

दुपारी ते मैदानावरून आले, सगळं उतरवून खुंटीला अडकवलं, हाफ पँट घातली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. तेवढ्यात खालून हॉर्न वाजायला लागला. बाबांनी घाईत गाडी फाटकाच्या मधोमध लावली होती आणि शेजाऱ्यांना त्यांची मोटार बाहेर काढायची होती. "आलो, आलो," म्हणत बाबा टॉवेल घेऊनच खाली गेले. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गाडी न्यायची, बस. कोपऱ्यावर बांधकामाची वाळू सांडली होती. गाडी उजव्या अंगाला कलली, बाबांचा पाय फुटपाथच्या कडेत आणि गाडीत अडकला, आणि वर तापलेला सायलेन्सर. शेजारी मोटारीत बसून हॉर्न वाजवतच राहिले. त्यांना वाटलं, सर वाकून काहीतरी दुरुस्त करतायत.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. उरलेल्या पायाची बाहेरची बाजू दिसायला जागेवर आहे, पण तिला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, टाचणी टोचली तरी नाही.

ट्रक हॉस्पिटलात आला. बाबा ऑपरेशनच्या टेबलावर होते आणि काकांचा फोन थांबत नव्हता. पहिल्या फोनला कुणीतरी विचारलं, "ट्रकबिकने उडवलं की काय?" काका म्हणाले, "तसंच काहीतरी." दुसऱ्या फोनला तो ट्रक झाला. संध्याकाळपर्यंत त्यात खडी भरली गेली. आत्याचा फोन आला तेव्हा ड्रायव्हर प्यायलेला होता, आणि त्याला दारू मी पाजली नव्हती एवढंच मला नक्की माहीत होतं. बाबा शुद्धीवर येईस्तोवर ट्रकचे ब्रेकही निकामी झाले होते.

आणि प्रत्येकजण शेवटी एकच वाक्य बोलत होता. "पण सरांनी सगळं घातलं होतं, म्हणून पायावर निभावलं. नाहीतर काही खरं नव्हतं."

बाबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाटेशेजारी उभी होते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी छताकडे बघितलं आणि पाणी मागितलं.

घरी आल्यावरही तसंच. बाबा खुर्चीत बसायचे, टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. आई चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून यायची, पर्स ठेवायची, "दुखतंय का?" विचारायची. बाबा "नाही" म्हणायचे, आणि ते खरंच असायचं. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर शाळेचे बूट फेकून दिले, एक इकडे, एक तिकडे. पूर्वी यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. त्यांनी पाय जरा बाजूला घेतला, एवढंच. आम्ही तिघंही एकमेकांशी इतकं नीट वागत होतो की बँकेत बसल्यासारखं वाटायचं. मी शाळेत या वर्षी बारावीत काय काय करतेय, वर्गात हात वर करून सरळ प्रश्न विचारतेय, बाईंशी वाद घालतेय, हे सगळं मी घरी येऊन सांगायची. आवाज माझा असायचा, पण ऐकणारं कुणी नसायचं. नंतर मीसुद्धा सांगायचं म्हणून सांगायला लागले.

काका मात्र खूश होते. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, नवीन येणारा प्रत्येकजण स्वतःहून बूट घेऊन येतोय. हुज्जत नाही, कुरकुर नाही. सरांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा जमलं नाही ते ट्रकने करून दाखवलं."

"पण ट्रक नव्हता," आई म्हणाली.

"नसला म्हणून काय झालं? काम तर करतोय."

आई हसली नाही. पदराने चष्मा पुसत राहिली.

"बघा वहिनी, उद्या लोकांना कळलं की खुद्द सर चपलेवर होते, तर पहिलं काय होईल? बूट निघतील. 'सरच घालत नाहीत, आम्ही कशाला?' मग कुणी पडलं तर ते कुणाच्या डोक्यावर?"

मला हल्ली बहुतेक गोष्टींवर उत्तर सुचतं, पण इथे काका बरोबर बोलत होते. बाबा तिथेच बसले होते. त्यांनी बशी उचलून ट्रेमध्ये ठेवली.

एक दिवस मी शाळेतून लवकर आले. बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर बसून वजनकाट्यावर एकच पाय ठेवून होते, उजवा. पायाचा पुढचा भाग दाबायचे, काट्याकडे बघायचे, सोडायचे. पुन्हा दाबायचे.

"एका पायाचं वजन करताय?" मी विचारलं.

"मागचा ब्रेक याच पायाने लागतो," ते म्हणाले. "किती दाबला ते कळत नाही. बघावं लागतं."

"आणि गाडीवर?"

"गाडीवर खाली बघायचं नसतं."

एवढंच बोलणं. पण महिन्याभरात ते माझ्याशी लागोपाठ दोन वाक्यं बोलले नव्हते, म्हणून मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "रविवारी नवीन तुकडी आहे. मीपण आहे. मला अठरा पूर्ण झाली, शिकाऊ परवाना मिळालाय."

"काकांनी सांगितलं."

"तुम्ही येणार?"

"ते म्हणतायत, खुर्चीवर बसा. लोकांना दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?"

बाबांनी पुन्हा काट्यावर पाय दाबला. मला त्या वेळी स्पष्ट कळलं की रविवारी काका ट्रकची गोष्ट सांगणार, बाबा ऐकणार, आणि मग दर तुकडीला हेच. शिकवणारा माणूस जाऊन तिथे एक दाखवायचा पाय बसणार. बाबा पुन्हा कधी कुणावर ओरडणार नाहीत, कारण ओरडायला तोंड लागतं, आणि त्यांच्या तोंडाला तो ट्रक आडवा लावलेला होता.

रविवारी सकाळी मैदानावर आम्ही सातआठ जण होतो. एक पार्सलं पोचवणारा दादा होता, त्याला गाडी येत होती पण परवाना नव्हता. एक बेकरीवाली ताई होती, हातमोजे घालताना म्हणाली, "आमच्या भट्टीवरचेपण असेच असतात, जरा जाड." दोन भाऊ होते, ते एकमेकांनाच हसत होते. सगळे नखशिखांत तयार. काकांनी बाबांची खुर्ची सावलीत ठेवली होती. बाबा बूट घालून, काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते.

काकांनी सुरुवात केली. या वेळी ट्रक उतारावरून येत होता. मी मनात म्हटलं, आमच्या गल्लीत उतार आहे हे मला माहीत नव्हतं.

"... आणि हे बूट नसते," काका म्हणाले, "तर सर आज आपल्यात नसते. कुणाला काही विचारायचंय?"

मी हात वर केला. शाळेत करते तसाच, कोपर सरळ ठेवून. हात वर गेल्यावर लक्षात आलं की आत काहीच होत नाहीये. हात जणू दुसऱ्या कुणाचा होता आणि मी तो धरून ठेवला होता.

"सर, त्या दिवशी तुमच्या पायात काय होतं?"

"बूट. आत्ताच सांगितलं ना," काका म्हणाले.

"मी सरांना विचारलं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या बुटाकडे बघितलं.

"चप्पल," ते म्हणाले.

पार्सलवाला दादा फस्सकन हसला, मग त्याने तोंड मिटलं.

"ट्रकखाली चप्पल घालून?" बेकरीवाल्या ताईने विचारलं.

"ट्रक नव्हता. शेजाऱ्यांना मोटार काढायची होती. मी गाडी बाजूला घेत होतो. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत."

"मग एवढ्यासाठी कोण घालतं हो सर हे सगळं?" पार्सलवाला दादा म्हणाला.

"कुणीच नाही."

"तुम्हीसुद्धा नाही."

"मीसुद्धा नाही. रोज घालायचो. त्या दिवशीही घातलं होतं, घरी येऊन काढून ठेवलं होतं. आंघोळीला निघालो होतो." बाबा वाकले. बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. "आता बघा."

कुणाला बघायचं नव्हतं आणि सगळ्यांनी बघितलं. उन्हात तो पाय फार पांढरा दिसत होता.

"दुखतं?" ताईने विचारलं.

"नाही. तेच वाईट आहे. ब्रेकवर पाय आहे की नाही, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी अजून गाडीवर बसलेलो नाही. बसेन की नाही, माहीत नाही." त्यांनी मोजा पुन्हा चढवला. "काकांनी सांगितलं ते माझ्या भल्यासाठी सांगितलं. मी गप्प बसलो, ते मात्र माझं मी केलं."

पार्सलवाल्या दादाने हातमोजे काढले. "मी विचार करून सांगतो," म्हणाला, आणि हेल्मेट काखेत धरून मैदानाच्या फाटकाकडे चालायला लागला. त्याच्या मागोमाग ते दोघे भाऊ गेले. फाटकाबाहेर पोचेपर्यंत त्यांनी जॅकेटही काढलं होतं. काका म्हणाले होते तसंच झालं, अगदी तसंच.

काका बाबांच्या कानाशी वाकले. "झालं समाधान? उद्यापर्यंत अर्धं गाव परत चपलेवर."

"असेल," बाबा म्हणाले. "उरलेत त्यांना क्लच दाखवू या."

"आणि पोरीला काय बोलणार आहात?"

"तिला हँडल धरायला सांगणार आहे. चल गं, तू आधी ये."

मी गाडीवर बसले. मला वाटलं होतं, हे झालं की रडू येईल, नाहीतर निदान मोकळं वाटेल. तसलं काही आलं नाही. मैदान होतं, शंकू होते, हेल्मेटच्या आत माझाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. बाबा काठी टेकत माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. क्लच कसा दाबायचा, कसा हळूहळू सोडायचा, हे त्यांनी सांगितलं. गाडी एक हिसका देऊन पुढे सरकली, मी खाली हाताकडे बघितलं आणि ती बंद पडली.

"डोळे कुठे आहेत तुझे?" बाबा ओरडले. मैदानाच्या पलीकडे ऐकू जाईल असे. "हँडल काय पळून जाणार आहे? समोर बघ. समोर. आणि खांदे कुणासाठी वर उचललेस, फोटो काढायचाय का?"

बेकरीवाल्या ताईने दचकून कमरेवरचे हात खाली घेतले.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

मी समोर बघितलं आणि क्लच दाबला.