बायनाबाईचा खून

खून झालेली बाई सकाळच्या एसटीनं जालन्याच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिच्या काखेत धपाट्यांचा डबा होता आणि जिवाला घोर लागलेला होता.

"पिच्चरच्या कॉलेजात सोड बाबा," तिनं रिक्षावाल्याला सांगितलं. असलं कॉलेज त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग बायनाबाईनं भाचीला फोन लावून फोन त्याच्याच कानाला दिला. भाचीनं, म्हणजे शालूनं, त्याला पत्ता समजावला आणि फोन आत्याकडं परत आल्यावर ती जवळजवळ ओरडलीच.

"आत्या, तू काऊन आली? आज माझी परीक्षा हाय ना!"

"म्हनून तर आले," बायनाबाई म्हणाली आणि फोन ठेवून रिक्षात ऐसपैस बसली.

परीक्षा होती सिनेमाची. शालू जालन्याच्या कॉलेजात माध्यमशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रत्येक गटानं एका थ्रिलरची फक्त सुरुवात बनवायची, दोन-तीन मिनिटांची, आणि ती परीक्षकांना दाखवून नंतर स्वतःच स्वतःच्या कामाची चिरफाड करायची, असा तो प्रकार होता. पुढचा सिनेमा नसतोच, ही गोष्ट बायनाबाईच्या गळी उतरवताना शालूच्या नाकी नऊ आले होते. खुनी कोण ते कळणार नाही, पोलीस येणार नाहीत, तरी त्याला पिच्चर म्हणायचं, हे ऐकून बायनाबाईनं कपाळाला हात लावला होता. तरी मरायला ती लगेच तयार झाली. भाचीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

कुंभार पिंपळगावात बायनाबाईनं सगळी उमर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली. सकाळी घरोघर जायचं, कुणाला कडेवर, कुणाला बोटाला धरून आणायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि दुपारी ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. गावातली आज मिशा पिळणारी कितीतरी मंडळी तिनं नाक पुसून मोठी केलेली. नवरा सांडू वारला, मुलगा आदिनाथ चाकणच्या कंपनीत लागला, सून आणि नातू तिकडंच. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली. तेव्हापासून घरात ती आणि दोन शेळ्या.

शूटिंग आत्याच्याच घरी होतं, आणि शालूनं तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. भर दुपार, घरात एकटी बाई, दारावर थाप पडते. बाई दार उघडते तर समोर तोंड बांधलेला अनोळखी माणूस. ती मागं सरते, किंचाळते, आणि पडद्यावर सिनेमाचं नाव येतं. खुन्याचं काम वर्गातल्या प्रेमकडं होतं. आत्याला त्याचा चेहरा आधी दिसू नये म्हणून शालूनं त्याला परस्पर राजूरहून मोटारसायकलवर बोलावलं होतं आणि शूटिंगसाठी एक फोन हातात धरून दुसरा फडताळात उभा करून ठेवला होता.

थाप पडली. बायनाबाईनं दार उघडलं. समोर रुमालानं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेला धिप्पाड गडी.

"या, या, बसा!" बायनाबाई म्हणाली. "केवढ्या उन्हाचं आले! पानी आनते."

ती आत गेली, तांब्या भरून घेऊन आली, आणि राजूरहून उन्हात तापून आलेल्या त्या खुन्यानं रुमाल खाली ओढून तांब्या रिकामा केला. त्या बिचाऱ्याला तरी काय दोष द्यायचा?

दुसऱ्या वेळी शालूनं तांब्याच लपवून ठेवला, तर बायनाबाई दार उघडून तांब्या शोधत बसली. तिसऱ्या वेळी तिला किंचाळायचं आठवलं, पण ती अशी किंचाळली की शेजारची सोनूबाई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं धावत आली आणि खुन्याच्या पाठीत धपाटा घालून मोकळी झाली. चौथ्या वेळी शेळी आत शिरली. मग ऊन कललं. शालू ओसरीवर डोकं धरून बसली.

"जाऊ दे आत्या. झालं ते झालं," ती म्हणाली.

हे वाक्य बायनाबाईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. गिरणीत, विहिरीवर, आठवडी बाजारात तिनं "माझा खून झाला" म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पण रोज अंथरुणाला पाठ टेकली की तेच वाक्य आठवायचं. तपासणीला साहेब यायचे तेव्हा काय व्हायचं, हे तिनं पाहिलेलं होतं. खिचडी पातळ व्हायची मदतनिसाच्या हातून आणि बोलणी खायची सेविका. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. चूक आपली, तर ती आपल्याच तोंडानं सांगायची, म्हणून तिनं पहाटे उठून धपाटे लावले आणि गाडी धरली.

कॉलेजात शिरल्यावर शालूनं तिला गाठायच्या आत तिनं शालूला शिकवणाऱ्या बिभीषण सरांना गाठलं. सर प्रोजेक्टरच्या वायरीशी झोंबत होते.

"सर, म्या शालूची आत्या. चूक माझी हाय. पोरीचे मार्क काटू नका."

"कसली चूक, मावशी?"

"म्या खुन्याला पानी देलं."

सरांच्या हातातली वायर सुटली. त्यांनी एकदा शालूकडं पाहिलं, एकदा बायनाबाईकडं. मग खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "आधी बसा. दुरून आल्या. पानी घेता?"

"घ्या! आता तुमीबी तेच करून राह्यले!" बायनाबाई म्हणाली, आणि वर्गात जो हशा पिकला तो बाहेरच्या परीक्षक मॅडम दारात येईपर्यंत थांबला नाही.

मॅडम संभाजीनगरहून आलेल्या. चष्मा, हातात पेन, आणि चेहरा असा की पोरं आपोआप ताठ बसली. बायनाबाईला मागच्या बाकावर जागा मिळाली. पडदे ओढले गेले आणि पिच्चर सुरू झाले.

पहिल्यात अंधारी खोली, हळूहळू फिरणारा पंखा आणि गळका नळ. दुसऱ्यात अंधारी खोली, चाकू आणि गळका नळ. तिसऱ्यातही नळ गळायला लागल्यावर बिभीषण सरांना राहवलं नाही. "अरे, आपल्याकडं नळाला पानी येतं कधी, अन् तुमचे नळ गळून कसे राह्यले?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅडमसुद्धा गालातल्या गालात हसल्या. बायनाबाईला मात्र सगळेच पिच्चर फार आवडले. एका मुलीच्या खांद्यावर मागून हात पडायला आला तेव्हा तिनं बाकावरून उठून ओरडून सांगितलं, "अगं पोरी, मागं पाह्य!" त्या गटाला याहून मोठी दाद कुठून मिळणार होती?

मग शालूचा नंबर आला.

पडद्यावर तिचंच घर उजळलं. अंधार नव्हता, गाणं-वाजवणंही नव्हतं. भर दुपारचं पांढरं ऊन उंबऱ्यावर पडलेलं, आणि मांडीवर सूप घेऊन तूर निवडणारी एक बाई. सुपात दाणे सरकल्याचा तेवढा आवाज. ती बाई एवढी म्हातारी कशी, याचंच बायनाबाईला नवल वाटलं.

थाप पडली. बाईनं मान वर केली, सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि दार उघडलं.

"या, या, बसा!"

पुढचे बाक फिस्सकन हसले. बायनाबाईनं डोळे मिटून घेतले. हेच होणार होतं, तिला ठाऊकच होतं. पण हसू मध्येच विरलं, तसं तिनं डोळे उघडले.

पडद्यावर तिचा चेहरा होता, एवढा मोठा. दारातल्या माणसाचे फक्त बांधलेलं तोंड आणि डोळे दिसत होते, आणि त्याच्याकडं पाहून त्या बाईचा चेहरा फुलून आला होता. भाऊबीजेला भाऊ दारात दिसावा तसा. पहिल्या वेळचाच टेक होता हा, आलेला माणूस कोण हे तिला माहीत नसतानाचा. बाई लगबगीनं वळली आणि त्याला पाठ दाखवून आत गेली.

"आत्या, नका ना जाऊ," वर्गातली एक मुलगी पुटपुटली.

आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मागोमाग बायनाबाईचा. "बसा ना, घाई काय हाय? घरात कोनी न्हाई. म्या एकलीच असते."

दारातल्या माणसाचा हात मागं गेला आणि त्यानं सावकाश आतून कडी लावली. पडदा काळा झाला. वर नाव आलं, 'पाहुणा'.

मग टाळ्या पडायला लागल्या.

दिवे लागल्यावर मॅडमनी शालूला आणि प्रेमला पुढं बोलावलं. "थ्रिलरमध्ये सावज घाबरतं," त्या म्हणाल्या. "तुमची बाई घाबरत नाही. हा नियम का मोडलात?"

"आम्ही नाही मोडला मॅडम," शालू म्हणाली. "आत्यानं मोडला. ती ऐकतच नव्हती."

सगळे हसले. मॅडम थांबून राहिल्या. शालूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आधी मी किंचाळण्याचाच टेक घेणार होते. सोनूकाकीला कापून काढता आलं असतं. पण एडिट करताना पहिला टेक पाहिला आणि मलाच भीती वाटली. कडीचा शॉट तेवढा प्रेमकडून नंतर घेतला. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळेच तोंड बांधून फिरतात, त्याला कोण घाबरतं? भीती आत्याच्या चेहऱ्याची वाटली. तो कोण, कशाला आला, हे तिनं पाहिलंच नाही. तिला एवढंच दिसलं, की कुणीतरी आलं." तिनं एकदा मागच्या बाकाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मला वाटायचं, पडद्यावरच्या बाईला भ्या वाटलं पाहिजे. मग कळलं, ती खूश असली तरी चालतं. पाहणाऱ्याचा जीव वर आला म्हणजे झालं."

बिभीषण सर खिडकीतून बाहेर पाहत होते. सर असे बाहेर बघायला लागले की खूश असतात, हे पोरांना माहीत होतं.

मॅडम वळून बायनाबाईकडं पाहू लागल्या. "बाई, खरंच तुम्हाला माहीत नव्हतं, कोण येणार ते?"

बायनाबाई उठून उभी राहिली. तपासणीला साहेब आल्यावर राहायची तशीच. "न्हाई मॅडम. शालू म्हनली, कोनीतरी येईन. म्या सकाळपासून वाट पाहून राह्यल्ते."

पोरं पुन्हा हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. मार्क कापायचा प्रश्नच येत नाही."

बायनाबाईच्या डोक्यावरचं ओझं झटकन उतरलं. तिनं तिथंच डबा उघडला. धपाटे आणि लसणाची चटणी वर्गभर फिरली, मॅडमनी नको नको म्हणत दोन खाल्ले, आणि खुन्यानं किती खाल्ले ते कुणी मोजलं नाही. मग पोरापोरींनी तिच्याभोवती गर्दी करून फोटो काढले. "आत्या, पुढच्या वर्षी आमच्या पिच्चरमध्ये मरा," असं एकानं आत्ताच सांगून ठेवलं. बायनाबाईनं हो म्हटलं. एवढं हसून तिचा जबडा दुखायला लागला होता.

सगळे पांगल्यावर शालू तिला स्टँडवर सोडायला निघाली. फाटकापाशी आदिनाथचा फोन आला.

"माय, झाला का पिच्चर? जल्दी पाठवायला सांग शालूला. इथं कंपनीतल्या पोरायला दाखवतो, माझी माय हिरोईन झाली म्हनून!"

"पाठवते, पाठवते," बायनाबाई हसत म्हणाली. "लई टाळ्या वाजवल्या रे सगळ्यांनी. तू जेवला का? पोरगं कसं हाय?"

शालूनं तोवर आपल्या फोनवर सिनेमा काढलाही होता. ती पाठवणार तेवढ्यात बायनाबाईनं आपला फोन पदरात पुसला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"पुरा नको पाठवू."

"काऊन? चांगला झाला ना?"

"लई चांगला झाला." बायनाबाई रस्त्यावरच्या टेम्पोकडं पाहत राहिली. तो गेल्यावर म्हणाली, "त्याला सुट्टी भेटत न्हाई, शालू. माझं तोंड असं पाह्यलं, तर त्याच्या जिवाला लागन. दार उघडायच्या आधीपस्तोर पाठव."

शालूचे डोळे भरून आले. भिंतीच्या सावलीला उभं राहून तिनं अंगठ्यानं सिनेमा मागं नेला आणि तिथं कापला. चाकणला जो गेला, त्यात बायनाबाई मांडीवर सूप घेऊन तूर निवडत बसलेली आहे. दारावर थाप पडते, ती मान वर करते, आणि तिथंच तो संपतो.