चौतिसावा दिवस

“उचलत नाहीयेत, मॅम,” तनया म्हणाली. “चौथ्यांदा लावला.”

“आणि तो इंजेक्शन देणारा?”

“साईनाथ. त्याचा फोन बंदच आहे.”

डॉ. चंद्रभागा ओव्हाळ टेबलावरच्या कागदाकडे बघत उभ्या होत्या. कागदावर चाळीस म्हशींची नावं होती आणि त्यातल्या तीन नावांभोवती तनयाने लाल पेनने गोल काढले होते. दुधाच्या चार थेंबांवर म्हैस गाभण आहे की नाही ते सांगणारी पट्टी करण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती. दोन रेषा उमटल्या तर गाभण, एक उमटली तर रिकामी. या तिघींच्या पट्टीवर एकच रेष आली होती. तसा निरोप काल संध्याकाळी मालकांना गेला होता. आज सकाळी खातरजमा म्हणून तनयाने त्यांचं रक्त तपासलं, तर तिघीही गाभण निघाल्या.

रिकाम्या म्हशीला माजावर आणायला जे इंजेक्शन देतात, तेच गाभण म्हशीला दिलं तर ती गाभडते, गर्भ पडतो. दोघा मालकांशी बोलणं झालं होतं, त्यांनी अजून दिलेलं नव्हतं. राहिल्या होत्या दुर्गाबाई.

“मॅम, तिन्ही शुक्रवारचीच दुधं आहेत,” तनया हळू आवाजात म्हणाली. “फ्रिजमध्ये ठेवलेली.”

बाईंना ते तिच्याआधी कळलं होतं. शुक्रवारी तनयाने विचारलं होतं, पट्टीला ताजंच दूध लागतं ना? तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, ठेव गं, सोमवारी बघू, दोन दिवसांनी काही होत नाही. मंगळवारी तीन वाजता पट्टी बाजारात आणणाऱ्या कंपनीची माणसं करारावर सह्या करायला येणार होती आणि त्याआधी चाळीसचा आकडा पुरा व्हायला हवा होता.

आज मंगळवार. साडेनऊ वाजले होते.

त्यांनी सोनोग्राफीचं छोटं मशीन खांद्याला लावलं, औषधांच्या कपाटातून एक खोका घेतला आणि जिना उतरल्या. खाली संचालक भेटले.

“ओव्हाळ मॅडम, आज आपण बाहेर? पाहुण्यांना काय मी चहा पाजून परत पाठवू?”

“तीनच्या आत येते.”

“उपकार होतील,” संचालक म्हणाले.

त्यांचं संशोधन केंद्र कात्रजच्या बाजूला आणि दुर्गाबाईंचा गोठा खडकवासल्याच्या अलीकडे. नवले पुलाजवळ ट्रक आडवा झाला होता. केंद्राच्या जीपच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाई पुन्हापुन्हा फोन लावत राहिल्या आणि रिंग पूर्ण वाजून थांबत राहिली. इंजेक्शन दिल्यावर किती तासांत काय होतं, हे त्या कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. आता मनाशी तेच तास मोजत होत्या.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती म्हशी तपासल्या याची मोजदाद नव्हती. उजवा खांदा थंडीत वर होत नसे, एवढीच त्याची खूण. पहिल्या गावात लोक गोठ्याबाहेर जमले होते, बाईमाणूस म्हशीत हात घालणार हे बघायला. घरच्या बारशाला नणंदा चेष्टा करत, ही म्हशींची बाळंतपणं शिकली म्हणे. त्या हसून सोडून देत. म्हैस मुका माज करते, मालकाला दिसत नाही, आणि एक वेळ हुकली की सहा-सहा महिने जनावर भाकड राहतं. ते दिवस वाचले पाहिजेत, एवढं एकच त्यांनी डोक्यात धरलं होतं. त्यापायी पट्टी झाली होती.

दुर्गाबाईंचं गाव दोन-तीन वर्षांपूर्वी महानगरपालिकेत आलं होतं. मुलांनी रान बिल्डरला दिलं होतं. दुर्गाबाईंनी मात्र गोठ्यापुरती जागा राखली होती. बावीस मजली इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या चार म्हशी बांधलेल्या होत्या. दुर्गाबाई कडबा तोडत होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक.

“या बाई. आज तुमचा वार न्हवता.”

“दुर्गाबाई, साईनाथ आला होता का?”

“आला की. नवालाच आला. शेवंतीला सुई देऊन गेला. तुमचाच निरोप हुता म्हनला, रिकामी हाय.”

मशीनचा पट्टा चंद्रभागाबाईंच्या खांद्यावरून घसरला. त्यांनी तो सावरला.

“निरोप चुकीचा होता. ती गाभण आहे. माझी चूक झाली.”

दुर्गाबाईंनी कोयता खाली ठेवला. शेवंतीकडे बघितलं. म्हैस निवांत रवंथ करत होती.

“मला वाटलंच हुतं,” त्या म्हणाल्या. “भरवून आज चौतीस दिवस झालं. मधी उलटली न्हाई, परत माजावर आली न्हाई. कातडं बगा कसं चमकतंय. मी म्हनलं त्याला, थांब बाबा, गाभण हाय ही. तर मला म्हनतो, मावशी, तुमच्यापरीस बाईंची पट्टी शानी.”

चंद्रभागाबाईंनी मशीन सुरू केलं. त्यांनी हातमोजा चढवला. म्हशीच्या मागे उभं राहून मशीनची दांडी धरलेला हात आत घातला आणि डाव्या हातातल्या पडद्याकडे बघू लागल्या. करड्या धुरात एक काळी पोकळी दिसली. पोकळीच्या कडेला एक पांढरा ठिपका होता आणि तो भराभर उघडमीट करत होता.

दुर्गाबाई जवळ आल्या. “ते हलतंय ते काय?”

“काळीज आहे.”

“एवढ्यात?”

“हो. एवढ्यात.”

दोघी काही वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

“आता काय व्हनार?”

“ज्या रसाच्या आधारावर गर्भ टिकतो, तो या सुईने दिवसभरात आटायला लागेल. मी बाहेरून तोच देते. रोज द्यावं लागेल. पण टिकेल असं मी सांगत नाही.”

“द्या मग,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी म्हशीची वेसण धरली.

पावणेतीनला बाई संचालकांच्या खोलीत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. संचालकांनी कागदावरचे लाल गोल बघितले.

“चाळीसात तीन. म्हणजे साडेब्याण्णव टक्के. मला दहावीला एवढे नव्हते.”

“सर, ही पट्टी आज देता येणार नाही.”

“पट्टी उत्तम आहे. साठवणूक चुकली. त्या मुलीने दूध फ्रिजमध्ये ठेवलं, तिला समज दिली, असं टिपण लिहा. विषय संपला.”

“मी सांगितलं म्हणून तिने ठेवलं.”

“कागदावर आहे तसं?”

“नाही.”

“मग?” संचालक मागे टेकले. “मॅडम, सत्तर दिवसांनी आपण रिटायर होणार. अकरा वर्षांचं काम आपल्या नावावर लागू द्या. पुढचं पुढचे बघतील.”

दारावर टकटक झाली. कंपनीचे दोघे आत आले. तिशीतले, हसरे, हातात पेढ्यांचा बॉक्स. संचालकांनी उठून स्वागत केलं आणि बाईंकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनंतीच होती. बाईंना ती जास्त जड गेली.

“बसण्याआधी एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “फ्रिजमधल्या दुधावर ही पट्टी गाभण म्हशीला रिकामी म्हणते. तसं दूध ठेवायला मीच सांगितलं होतं. त्यावर मी निरोप दिला आणि आज सकाळी एका गाभण म्हशीला चुकीचं इंजेक्शन गेलं.”

त्यातला एक म्हणाला, “पण मॅम, इन्स्ट्रक्शन्समध्ये टाकू ना, ओन्ली फ्रेश मिल्क. बोल्डमध्ये.”

“गोठ्यात ते कोण वाचणार? दूध फ्रिजमध्येच जाईल. आणि एवढ्या लवकर गर्भ गेला तर डोळ्यांना काही दिसत नाही. कुणी तक्रार करणार नाही. लोक म्हणतील, राहिलीच नव्हती.”

मग दुसऱ्याने बॅगेतून काढलेली फाइल पुन्हा बॅगेत ठेवली. पुन्हा बसू म्हणाले. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून ते गेले. नव्याने तपासण्या करायच्या तर दोन वर्षं लागणार होती, हे संचालक आणि बाई दोघांनाही माहीत होतं. बाहेर तनया उभी होती, डोळे लाल. “टिपण माझ्या नावाने लिही,” बाईंनी तिला सांगितलं. “आणि दूध ठेवायला कुणी सांगितलं, ते पहिल्या ओळीत.”

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी सहाला स्कूटरने गोठ्यावर जाऊ लागल्या. सुई लागू पडली असती तर तिसऱ्या दिवशी शेवंती माजावर आली असती. ओरडली नाही, माजाचा चिकट सोट टाकला नाही, चारा खात होती. चौथ्या दिवशी पडद्यावर ठिपका हलत होता. सहाव्या दिवशी दुर्गाबाईंनी न विचारता चहा पुढे केला.

“तुमच्या हापिसात बोलले म्हनं तुम्हाला. साईनाथ सांगत हुता.”

“बोलले.”

“मी बी बोलले असते,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पन तुम्ही रोज येताय, मग काय बोलायचं.”

अकराव्या दिवशी सकाळी म्हैस उभी होती तशीच उभी होती. कडबा खाल्लेला, डोळे स्वच्छ. चंद्रभागाबाईंनी हात आत घातला. काळी पोकळी दिसली, आधीपेक्षा चपटी. ठिपका तिथेच होता. त्यांनी मशीनची कळ फिरवली, हात थोडा डावीकडे नेला, परत आणला. पाच मिनिटं गेली. खांद्यातून कळ येत होती, तरी त्यांनी हात काढला नाही.

“बंद पडलंय?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“हो.”

“कदी?”

“काल किंवा रात्री.”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी गादी झटकत होतं. दुर्गाबाईंनी शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटीपर्यंत.

“केवढं झालं हुतं?”

चंद्रभागाबाईंनी डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर दाखवलं. दुर्गाबाई वाकून त्या पेराकडे बघत राहिल्या, बराच वेळ, जणू तिथे काही ठेवलेलं होतं.

मग बाईंनी हात बाहेर काढला. मोजा वरून फाटला होता आणि दंडापर्यंत शेण लागलं होतं. त्या नळाकडे निघाल्या, तशा दुर्गाबाई म्हणाल्या, “तिकडं नगा जाऊ, गार हाय ते.” त्या घरात गेल्या, चुलीवरच्या पातेल्यातलं कोमट पाणी तांब्यात घेऊन आल्या. चंद्रभागाबाईंनी हात पुढे धरला. तो वर जात नव्हता, म्हणून दुर्गाबाईंनी कोपराखाली आपला तळवा लावून तो उचलून धरला आणि खांद्यापासून खाली सावकाश पाणी सोडलं.